दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलती: मराठवाड्यातून आलेले प्रश्न

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेतला जास्तीचा वेळ, लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते लिहून देणारी व्यक्ती) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही पालकांच्या बहुतेक प्रश्नांत एकच अडचण दिसते: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कपाटात आहे, परीक्षा मंडळाची मंजुरी मात्र नाही. सवलत मिळते ती मंजुरीच्या पत्रावर. म्हणून उत्तरं देताना भर त्यावरच ठेवला आहे.

प्रश्न: मुलगी नववीत आहे, वय १४ पूर्ण. तोंडी विचारलं तर सगळं सांगते, पण वाचताना ओळी सुटतात, लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात. चौथीत असताना खासगी दवाखान्यातून अध्ययन अक्षमतेचा अहवाल घेतला होता. शाळा म्हणते, हा चालणार नाही. (पालक, गेवराई)

शाळेचं म्हणणं बरोबर आहे. मंडळाला सरकारी वैद्यकीय यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय केंद्र सरकारच्या निकषांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच देता येतं, मग १४ व्या वर्षी आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं असतं. म्हणजे चौथीतला कागद सरकारी असता तरी आता नव्यानं तपासणी लागलीच असती. तुमच्या हातात अजून वर्ष आहे, तेव्हा याच सहामाहीत सुरुवात करा.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि दोन्हींचे कागद सोबत ठेवा. नजर किंवा ऐकणं कमी असल्यामुळे वाचन अडत असेल, तर ती अध्ययन अक्षमता ठरत नाही. त्यामुळे ही शक्यता पहिल्यांदा बाजूला काढली जाते. नंतर बालरोगतज्ज्ञांची तपासणी, मग बुद्ध्यांक चाचणी आणि शेवटी वाचन, लेखन व गणिताची चाचणी असा क्रम असतो. हे एका दिवसात उरकत नाही, दोन-तीन फेऱ्या धराच. गेवराईहून निघण्याआधी बीडच्या जिल्हा रुग्णालयात विचारा की ही तपासणी तिथे होते का आणि कोणत्या वारी होते. होत नसेल तर अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय इथे चौकशी करा. शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना हे ठाऊक असतं, त्यांना आधी भेटलात तर एक फेरी वाचेल.

सोबत दोन वर्षांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका न्या, आणि वर्गशिक्षकांचं लेखी निरीक्षणही न्या. 'अभ्यासात कच्ची आहे' एवढंच लिहिलेलं पत्र उपयोगाचं नसतं. 'मराठीचा परिच्छेद वाचायला वर्गापेक्षा दुप्पट वेळ लागतो, तोंडी उत्तरं बरोबर देते, संख्या उलट लिहिते' असं हवं. जुना खासगी अहवाल फेकू नका, अडचण लहानपणापासूनची आहे हे त्यातून दिसतं. मुलगी मराठी माध्यमात असेल तर वाचन-लेखनाची चाचणी मराठीतूनच व्हावी, असं सुरुवातीलाच सांगा. इंग्रजी मजकुरावर ती अडखळली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक साधी वाटणारी, पण प्रस्ताव अडकवणारी गोष्ट म्हणजे नाव. आधार, शाळेची नोंदवही आणि प्रमाणपत्र यांतलं नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळली पाहिजे. युडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) ऑनलाइन अर्ज भरण्याआधीच ते बघून घ्या.

सवलत निवडताना मुलीची खरी अडचण बघा. तिचा वेळ वाचनात जात असेल तर प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारी व्यक्ती आणि जास्तीचा वेळ यांचा फायदा लेखनिकापेक्षा जास्त होईल.

प्रश्न: मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही हात नीट चालत नाहीत. दहावीला लेखनिक घ्यायचाय. कोणाला घ्यावं, आणि तयारी कशी करावी? (पालक, जिंतूर)

राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असतो. म्हणजे दहावीसाठी नववी किंवा त्याखालचा. शाळेमार्फत जाणाऱ्या प्रस्तावात मुलाचं प्रमाणपत्र, मुख्याध्यापकांची शिफारस, लेखनिकाचा फोटो आणि त्याच्या शाळेचा दाखला जोडतात. परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाकडे येतो, त्यामुळे प्रस्ताव तिकडे जाईल. परीक्षेचं आवेदनपत्र भरतानाच दिव्यांगत्वाचा रकाना भरला गेलाय ना, हे स्वतः पाहा. तिथे चूक राहिली की पुढचं सगळं दुरुस्तीच्या अर्जांवर येतं.

लेखनिक निवडताना बरेच जण वर्गातला पहिला नंबर शोधतात. आम्ही म्हणू, सुवाच्य अक्षर, स्वच्छ वाचन आणि सांगितलं तेवढंच लिहिण्याचा संयम बघा. हुशार मुलगा न कळत उत्तर 'सुधारतो', आणि मग तुमच्या मुलाचा पेपर त्याचा राहत नाही. पर्यवेक्षकाला संशय आला तर त्रास दोघांनाही होतो. दोन मुलं तयार करा. मार्चमध्ये एकाला ताप आला तर दुसऱ्यासाठी धावपळ नको, आणि त्या दुसऱ्याचेही कागद आधीच शाळेत देऊन ठेवा.

खरी तयारी म्हणजे सांगून लिहून घेण्याचा सराव. आयुष्यभर मनात उत्तर जुळवणाऱ्या मुलाला ते बोलून सांगणं वेगळंच कसब वाटतं, आणि सेरेब्रल पाल्सीत बोलणं अस्पष्ट असेल तर लेखनिकाच्या कानालाही सवय व्हावी लागते. दिवाळीनंतर आठवड्यातून निदान दोन पेपर पूर्ण वेळ लावून सोडवा, तेही त्याच लेखनिकाबरोबर. मराठीत परिच्छेद कुठे तोडायचा, अवतरणचिन्ह कुठे, अनोळखी शब्दातली वेलांटी पहिली की दुसरी, हे मुलानंच सांगायचं असतं.

गणितात सर्वाधिक गुण इथेच सांडतात. 'एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स छेद दोन' असं सांगितलं तर छेद फक्त पाच एक्सला की सगळ्याला, हे लेखनिकाला कळणार कसं? म्हणून पद्धत ठरवून घ्या: 'अंशात एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स, अंश संपला, छेदात दोन.' वर्गमुळासाठी 'मुळाच्या आत' आणि 'मूळ संपलं'. कंसासाठी 'कंस उघड', 'कंस बंद'. भूमितीत आकृती कुठून काढायला घ्यायची, कोणत्या बिंदूला कोणतं अक्षर द्यायचं, कंपासचं टोक कुठे ठेवायचं, हे सगळं शब्दांत सांगायची सवय लागते. प्रत्येक उदाहरण झालं की लेखनिकानं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. यात वेळ जातो, पण जास्तीचा वेळ त्यासाठीच आहे.

केंद्रावर स्वतंत्र खोली लागते, नाहीतर शेजारच्यांना उत्तरं ऐकू जातात. खोली तळमजल्यावर हवी, आणि स्वच्छतागृहापर्यंत चाकाची खुर्ची जाते का हे तुम्ही स्वतः आठवडाभर आधी जाऊन बघा.

प्रश्न: आमच्या शाळेत दहावीचा एक विद्यार्थी आहे, उजव्या हाताचं दिव्यांगत्व ३५ टक्के. केंद्र म्हणतं ४० च्या खाली काही मिळत नाही. आणि जास्तीचा वेळ नेमका किती धरायचा? (मुख्याध्यापक, उमरगा)

वेळेचा हिशोब सोपा आहे: तासाला २० मिनिटं. भाषेचा ८० गुणांचा तीन तासांचा पेपर असेल तर ६० मिनिटं जास्त. गणित आणि विज्ञानाचे भाग एक व दोन, इतिहास, भूगोल हे ४० गुणांचे दोन तासांचे पेपर असतात, तिथे ४० मिनिटं. सगळ्याच पेपरांना सरसकट एक तास किंवा अर्धा तास धरण्याची चूक होते, म्हणून विषयवार वेळेचं कोष्टक करून मंजुरीपत्राच्या प्रतीला जोडा. लेखनिक घेतला म्हणून जास्तीचा वेळ जात नाही, आणि लेखनिक न घेणाऱ्यालाही तो मिळतो.

४० टक्क्यांचा मुद्दा थोडा सविस्तर पाहू. ही मर्यादा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. परीक्षेतली सोय वेगळी. रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार) असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं की लेखनिक फक्त ४० टक्क्यांवरच्यांपुरता राखून ठेवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रानं ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं तीच भूमिका पुन्हा मांडली.

तुम्ही करायचं ते असं: 'दिव्यांगत्व ३५ टक्के' एवढ्यावर थांबू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडून 'या विद्यार्थ्याला लिहिण्यात अडचण आहे' असं स्पष्ट म्हणणारं प्रमाणपत्र घ्या. प्रस्तावात त्याच्या लिहिण्याचा वेग द्या. उदाहरणार्थ, दहा मिनिटांत तो किती ओळी लिहितो आणि वर्गातले बाकीचे किती, हे नोंदवून तो नमुना जोडा. टक्क्यापेक्षा हा पुरावा अधिक बोलतो. धाराशिव जिल्हा लातूर विभागीय मंडळात येतो. प्रस्ताव तिथे पाठवा, केंद्रावरच्या तोंडी नकारावर विसंबू नका.

प्रश्न: मुलाला ऐकू येत नाही. नातेवाईक म्हणतात इंग्रजी सोडून टाका, कायद्यात सूट आहे. सोडावं का? (पालक, वसमत)

सूट आहे, पण घाई करू नका. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी मराठी हीच मोठ्या कष्टानं मिळवलेली भाषा असते, तिच्यावर आणखी दोन भाषांचं ओझं अनेकदा निरर्थक ठरतं. तिथे सूट घ्यायलाच हवी. पण त्याला पुढे विज्ञान, संगणक किंवा आयटीआयचा विशिष्ट ट्रेड करायचा असेल, तर त्या प्रवेशाला कोणता विषय लागतो हे आधी विचारा. घेतलेली सूट दहावीच्या निकालानंतर मागे फिरवता येत नाही.

भाषेच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात तोंडी भाग असतो. तिथे लेखी पर्याय मिळावा, असं शाळेला आतापासून लेखी कळवा. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकानं तोंडी दिलेल्या सूचना त्याला कळत नाहीत. त्या फळ्यावर लिहाव्यात, अशी केंद्रसंचालकांना विनंती करा. दुरुस्ती जाहीर झाली आणि ती एकट्या त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, असं नको.

प्रश्न: दृष्टी खूप कमी आहे, नीटची तयारी लातूरला करतोय. बारावीला मिळालेली सवलत नीटला चालेल का? (विद्यार्थी)

आपोआप चालणार नाही. नीटचा अर्ज राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेकडे जातो आणि दिव्यांगत्वाची माहिती त्या अर्जातच भरावी लागते. १८० मिनिटांच्या पेपरला ६० मिनिटं जास्त मिळतात. ओएमआरवरचे गोळे भरताना ओळ सरकते, आणि एक ओळ सरकली की खालची सगळी उत्तरं चुकतात. त्यामुळे दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक पडताळण्याची सवय सराव परीक्षांतच लावून घ्या. प्रवेशातल्या ५ टक्के राखीव जागांसाठी नेमून दिलेल्या केंद्राचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे असं केंद्र आहे. युडीआयडी कार्ड या कामाला पुरत नाही.

प्रश्न: परीक्षेआधी आठ दिवस हात मोडला तर? (पालक, अंबड)

त्याच दिवशी सरकारी रुग्णालयातून प्लास्टर किती दिवस राहणार हे लिहून घ्या आणि मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे लेखनिकासाठी अर्ज द्या. क्ष-किरण अहवाल जोडा. थेट केंद्रावर जाऊन विनंती करण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: गेल्या वर्षी भावाला जास्तीचा वेळ मंजूर होता, तरी पर्यवेक्षकांनी नेहमीच्या वेळेला उत्तरपत्रिका घेतली. यंदा बहिणीचा पेपर आहे. काय करू? (वाचक, मुदखेड)

असं घडतं तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं: मंजुरीपत्र कार्यालयातल्या फाइलमध्ये आणि पर्यवेक्षक वर्गात. रोज नवा पर्यवेक्षक येतो, काल सांगितलेलं आजच्याला माहीत नसतं. मूळ पत्र घरी ठेवा, दोन प्रती रोज सोबत द्या. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी केंद्रसंचालकांना प्रत्यक्ष भेटून खोली आणि पेपर संपण्याची वेळ ठरवावी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायची घाई असते, म्हणून या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका नंतर येणार हे तिथेच सांगावं.

तरीही उत्तरपत्रिका ओढली गेली, तर केंद्र सोडण्याआधी किती वाजता घेतली हे लिहून केंद्रसंचालकांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच दुपारी मुख्याध्यापकांकडून विभागीय मंडळाला, तुमच्यासाठी ते लातूर, कळवा. पुढच्या पेपरची व्यवस्था त्यानं सुधारते. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तिथे ती पोच लागते.

परतीच्या गाडीचंही बघून ठेवा. एक तास जास्त बसल्यावर गावाकडची दुपारची एसटी निघून गेलेली असते, आणि ती चुकेल या भीतीनं मुलं मिळालेला वेळ न वापरताच उठतात. दोन-तीन पालकांनी मिळून त्या दिवसांपुरती रिक्षा किंवा जीप ठरवून ठेवली तर शेवटचं मिनिटसुद्धा वापरता येईल.