सोसायटीचा वॉचमन आणि फ्लोरिडाचं वादळ

प्रश्न : बाई, माझी मुलगी लग्नानंतर फ्लोरिडात, टॅम्पाला असते. तिकडे वादळ आलं की ती मला टीव्हीवरच्या बातम्यांचे तुकडे फोनवर पाठवते. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. गेल्या खेपेला ‘हरिकेन वॉच’ ऐकलं आणि वाटलं, चला, आता नुसतं बघायचं. तिच्या आवाजावरून कळलं की तसं नाही. साठीत हे इंग्रजी जमेल का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : जमेल हो. वय आड येत नाही, शब्दाला शब्द लावायची सवय आड येते. नाइट स्कूलमध्ये माझ्या वर्गात एक बस कंडक्टर होते. ‘लँडफॉल’चा अर्थ त्यांनी लिहिला ‘दरड कोसळणे’. लँड म्हणजे जमीन, फॉल म्हणजे पडणे. बिचाऱ्यांचं काय चुकलं? पण दरड म्हणजे लँडस्लाइड. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणवर कोसळली, ती. लँडफॉल म्हणजे वादळाचं केंद्र समुद्रावरून जमिनीवर येणं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’चा लँडफॉल रायगडच्या किनाऱ्यावर झाला आणि झाडं आपल्या पुण्यातही पडली. ‘निसर्ग’ला आपण सायक्लोन म्हटलं, तेच अटलांटिकमध्ये असतं तर हरिकेन. जात एकच, समुद्र वेगळा.

आता तुमचा ‘वॉच’. सोसायटीचा वॉचमन आठवा. चोर येऊ शकतो म्हणून तो रात्रभर बसतो. तो वॉच. चोर कुंपणाशी दिसला आणि त्याने शिट्टी फुंकली, की वॉर्निंग. अमेरिकेत वादळी वारे पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी हरिकेन वॉच देतात आणि ३६ तास आधी वॉर्निंग. आपल्या हवामान खात्याचंही असंच आहे : यलो म्हणजे वॉच, रेड म्हणजे वॉर्निंग. जून-जुलैत आपण ‘यलो अलर्ट, यलो अलर्ट’ करतो तेव्हा हेच बोलत असतो, फक्त लक्षात येत नाही.

आणखी एक फसवा शब्द, ‘कॅटेगरी’. एक ते पाच हा आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा असतो, पाण्याचा नाही. २००५ साली कॅटरिना लुइझियानाच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी तीनच होतं. न्यू ऑर्लिन्स बुडालं ते बंधारे फुटून. समुद्राचं पाणी फुगून आत घुसतं त्याला ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणतात. लेकीच्या बातम्यांत आधी हा शब्द शोधा, आकडा मागाहून.

‘रिलीफ’ मात्र मी शाळेत नाही शिकले. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, १९६१ च्या जुलैत, मी आठ वर्षांची. आई रांगेत उभी राहून घोंगडी आणि तांदूळ घेऊन आली आणि म्हणाली, “रिलीफ मिळालं.” पुढे इंग्रजीत ‘व्हॉट अ रिलीफ’ वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणालातरी घोंगडी मिळाली.

अभ्यास एवढाच करा : दोन मिनिटांची एकच बातमी तीनदा ऐका. स्पेलिंगच्या नादी लागू नका. मग लेकीला फोन लावून विचारा, “आर यू अंडर अ वॉच ऑर अ वॉर्निंग?” हा ‘अंडर’ विसरायचा नाही. दुसरा प्रश्न, “व्हिच इव्हॅक्युएशन झोन आर यू इन?” तिकडे झोनला ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि घर सोडायला सहसा ‘ए’ला आधी सांगतात. ती ‘ए’ म्हणाली, तर पुढचं बोलणं मराठीतच करा.