ऊर्जा टाकीत साठते, मग इलेक्ट्रोड का सुधारायचा?

प्रश्न: रेडॉक्स फ्लो बॅटरीत ऊर्जा टाक्यांमधल्या द्रावणात साठते आणि इलेक्ट्रोड केवळ इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतो, असे मी वर्गात शिकवते. मग इलेक्ट्रोडच्या पदार्थावर एवढे संशोधन कशासाठी? अभिक्रियेचा वेगच वाढवायचा असेल, तर त्यावर प्लॅटिनमचा मुलामा का देत नाहीत?
– एक रसायनशास्त्र शिक्षिका

उत्तर: आपण शिकवता ते बरोबर आहे, मात्र किती ऊर्जा साठेल हे टाकी ठरवत असली, तरी त्यातली किती परत मिळेल आणि किती वेगाने मिळेल, हे बऱ्याच अंशी इलेक्ट्रोडवर अवलंबून असते. व्हॅनेडियम बॅटरीच्या, म्हणजे दोन्ही टाक्यांत व्हॅनेडियम या धातूच्या संयुगांचे द्रावण असलेल्या फ्लो बॅटरीच्या, एका घटाचे प्रमाण व्होल्टेज सुमारे 1.26 व्होल्ट असते. अभिक्रिया मंद असल्यामुळे चार्ज करताना 0.1 व्होल्ट जास्त द्यावा लागला आणि डिस्चार्ज होताना तेवढाच कमी मिळाला, तर 1.36 घालून 1.16 हाती येतात, म्हणजे जवळजवळ 15 टक्के ऊर्जा वाटेतच जाते.

या बॅटरीत सहसा कार्बन फेल्ट वापरतात. हा कार्बनच्या बारीक तंतूंचा, बुरणुसासारखा सच्छिद्र थर असतो आणि द्रावण त्याच्या आरपार वाहते. कोऱ्या फेल्टवर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मण्यासारखा वरच बसून राहतो. हवेत 400 अंश सेल्सिअसला बराच वेळ तापवलेल्या तुकड्यात तोच थेंब पटकन मुरतो, कारण तंतूंच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार झालेले असतात. सुन आणि मारिया स्कायलास-काझाकोस या संशोधकांनी 1992 मध्ये दाखवले, की 400 अंशांवर 30 तास तापवल्याने ऊर्जा कार्यक्षमता 78 टक्क्यांवरून 88 टक्क्यांवर गेली. एका साध्या भट्टीने साधलेली ही सुधारणा मला आजही या विषयातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. अर्थात तापवण्याचा अतिरेक झाला, तर कार्बन जळून जातो, तंतू ठिसूळ होतात आणि विद्युतरोधही वाढतो.

प्लॅटिनमची अडचण ऋण बाजूला येते. तेथे चार्जिंगच्या वेळी व्हॅनेडियमच्या अभिक्रियेबरोबर हायड्रोजन वायू निर्माण होण्याची स्पर्धा चालू असते, आणि प्लॅटिनम नेमका हायड्रोजनलाच हातभार लावतो. त्यामुळे प्रवाह वायू तयार करण्यात वाया जातो आणि दोन्ही टाक्यांमधला समतोल बिघडतो. म्हणूनच बिस्मथ या धातूकडे लक्ष गेले, कारण त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. मात्र तंतूंवर बसवलेले बिस्मथचे कण वाहत्या आम्लयुक्त द्रावणात टिकले पाहिजेत. ते सुटून गेले, तर पहिल्या दिवशीचा आकडा कितीही आकर्षक असला, तरी त्याचा उपयोग नाही. कोणत्याही नव्या इलेक्ट्रोडबद्दल वाचताना तो किती प्रवाहघनतेला (इलेक्ट्रोडच्या एकक क्षेत्रफळामागे वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला) आणि किती चार्ज-डिस्चार्ज आवर्तनांनंतर तपासला, हे आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे.

एक सुधारणा मात्र आपल्या टिपणात जरूर करावी: इलेक्ट्रोड अभिक्रियेत खर्ची पडत नसला, तरी तो अक्षय नाही. घट प्रमाणाबाहेर चार्ज झाला, की धन बाजूचा कार्बन स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जाऊ लागतो.