लांबच्या लूव्हर्सवर (झडपांच्या समांतर पट्ट्यांवर) आणि जाळीवर रेंडरमध्ये, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून काढलेल्या चित्रात, लाटा दिसतात, त्या कशा घालवायच्या?

आधी इमेज १०० टक्के झूमवर बघा, तिथे लाटा गायब झाल्या तर रेंडर बरोबरच आहे, फक्त छोट्या साइझमध्ये बघताना तसं दिसतंय. तिथेही दिसल्या तर तो मॉयरे, म्हणजे पट्ट्या एवढ्या बारीक झाल्यात की एका पिक्सेलमध्ये एकाहून जास्त बसतायत आणि सॅम्पल (पिक्सेलचा रंग ठरवायला घेतलेले नमुने) कमी पडतायत.

व्ही-रे या रेंडर सॉफ्टवेअरमध्ये नॉइज थ्रेशोल्ड (किती दाणेदारपणा चालेल ती मर्यादा) ०.०१ असेल तर ०.००५ करा, मॅक्स सबडिव्ह्ज (सॅम्पलची कमाल मर्यादा) वाढवा. पण खरं सांगू का, बरेच जण इथेच थांबतात आणि रात्रभर मशीन तापवतात, फिल्टरकडे (सॅम्पल मिसळून पिक्सेलचा रंग काढणारी सेटिंग) कुणी बघतच नाही. कॅटमुल-रॉम नावाचा फिल्टर लावला असेल तर आधी तो काढा, तो कडा शार्प करतो आणि त्यासोबत मॉयरे पण उठून दिसतो, कितीही सॅम्पल दिले तरी. त्याजागी एरिया फिल्टर १.५ वर ठेवून बघा, किंचित सॉफ्ट येईल पण लाटा बऱ्याच कमी होतात. जाळी टेक्स्चरमधून (पृष्ठभागावर लावलेल्या चित्रातून) केली असेल तर टेक्स्चरचा ब्लर शून्याच्या जवळ नेऊ नका प्लीज.

तरी राहिल्याच तर दुप्पट रिझोल्यूशनला रेंडर करून फोटोशॉपमध्ये निम्मी करा.

आणि लाटांऐवजी काळे-पांढरे तुटक डाग असतील तर मॉडेलमधले दोन फेस (पृष्ठभाग) एकाच जागी बसलेत, एक २ मिमी सरकवा.