लाइट गेली, टॅब गेले

प्रश्न : ताई, मी नव्या पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करते. लॅपटॉपची बॅटरी बाद झाल्यामुळे तो वायर लावूनच चालतो. गुरुवारी अभ्यासिकेत लाइट गेली आणि क्रोममधले साठ-सत्तर टॅब एका झटक्यात गेले. परत चालू केल्यावर ‘रिस्टोर’ विचारणारी चौकट आली होती, ती मी घाईत फुली मारून घालवली. दोन महिन्यांचं वाचन त्यात होतं. ते परत मिळेल का? आणि यापुढे काय करू?

उत्तर : आधी एक कर, क्रोम सारखं बंद-चालू करू नकोस. मागच्या वेळचे टॅब ते फार काळ धरून ठेवत नाही, दरवेळी नव्याने उघडलंस की जुने मागे पडत जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाब. नशीब असेल तर अख्खी खिडकी परत येईल. नाही आली तर उजवीकडच्या तीन टिंबांतून हिस्ट्रीत जा आणि ‘रीसेंटली क्लोज्ड’खाली ‘अमुक टॅब’ अशी ओळ दिसते का बघ. तीही नसेल तरी रडू नकोस. पूर्ण हिस्ट्री तू पुसली नसशील तर 90 दिवसांची असते, म्हणजे तुझे दोन महिने त्यात आहेत. कंट्रोल-एच दाबून वरच्या चौकटीत ‘पंचायत राज’, ‘अर्थसंकल्प’ असे तुझ्या विषयांचे शब्द टाकून शोध. वेळ जाईल, पण बरंचसं हाती लागेल. इन्कॉग्निटोत, म्हणजे हिस्ट्री न ठेवणाऱ्या खिडकीत उघडलेलं मात्र गेलंच समज.

आता पुढचं. सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ निवड. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. उघडा टॅब म्हणजे टेबलावर उघडं टाकलेलं पुस्तक, ते कपाटात गेलेलं नसतं. रात्री उठण्यापूर्वी कंट्रोल-शिफ्ट-डी दाब. त्या खिडकीतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. दुसरी खिडकी उघडी असेल तर तिथे वेगळं दाबावं लागतं, हे हमखास राहून जातं. फोल्डरला ‘राज्यघटना, 12 जून’ असं विषय आणि तारीख घालून नाव दे.

‘माझं सिंक चालू आहे, मग बॅकअप कशाला?’ असं पुष्कळ जण मला विचारतात. सिंक म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवरचे बुकमार्क आपोआप सारखे ठेवणारी सोय. याचं उत्तर मी स्वतः भोगलंय. मी क्रोमऐवजी फायरफॉक्स हा ब्राउझर वापरते. एकदा बसमध्ये बसल्या बसल्या फोनवरचा पसारा म्हणून मोडी लिपीच्या दुव्यांचा फोल्डर उडवला. संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तर तिथूनही गायब! सिंकने आपलं काम चोख केलं होतं, इकडे पुसलं ते तिकडेही पुसलं. मला वाचवलं ते फायरफॉक्स रोजच्या रोज गुपचूप काढून ठेवतं त्या बुकमार्कांच्या प्रतींनी. अशा 15 प्रती ते सांभाळतं. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबलं की ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’ दिसतं, त्यात ‘रिस्टोर’खाली तारखा असतात. पण जुनी प्रत आणली की सध्याचे बुकमार्क जाऊन तिच्यातलेच राहतात. म्हणून मी आधी त्या दिवशीचे सगळे एचटीएमएल फाइलमध्ये काढून घेतले आणि मगच आदल्या दिवशीची तारीख निवडली. ती यादी परत दिसेपर्यंत माझा जीव भांड्यात पडला नव्हता.

क्रोममध्ये ती सोय आपल्या हातानेच करावी लागते. कंट्रोल-शिफ्ट-ओने बुकमार्क मॅनेजर उघड, वरच्या तीन टिंबांतून ‘एक्स्पोर्ट बुकमार्क्स’ कर. एक छोटी एचटीएमएल फाइल मिळते, ती कुठल्याही ब्राउझरला वाचता येते. दर रविवारी ती काढ, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव आणि एक स्वतःलाच मेल कर. टॅब साठवणारी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या सोयी, मैत्रिणी सुचवतील. मी ती सुचवत नाही, कारण वनटॅबसारखं एक्स्टेन्शन काढून टाकलं की त्यातली यादीही जाते.

आणि बुकमार्कात फक्त पत्ता असतो, मजकूर नाही. सरकारी संकेतस्थळं नव्याने बांधली की जुने पत्ते मरतात. आयोगाचा अभ्यासक्रम, जाहिरात, उत्तरतालिका हे सगळं दिसलं की लगेच उतरवून घे. साधं पान असेल तर कंट्रोल-पी दाबून पीडीएफ कर.

बॅटरी मात्र या महिन्यातच बदल. खर्च आहे, मला कळतं, पण एखाद्या दिवशी लिहीत असतानाच लाइट गेली तर न साठवलेला मजकूर हिस्ट्रीत सापडत नाही.