फिल्टर लावला आणि आवाज पोकळ झाला

प्रश्न : पुरुष गायकाच्या ट्रॅकवर १५० हर्ट्‌झला, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा; वारंवारता निम्मी झाली की पातळी आणखी २४ डेसिबलने घटते) लावला. गढूळपणा थोडा कमी झाला, पण आवाज पोकळ वाटतो. त्याच ट्रॅकची दाबून कॉम्प्रेस केलेली (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी केलेली), फिल्टर नसलेली प्रतही खाली मिसळली आहे. चूक कुठे?

उत्तर : दोन ठिकाणी. पुरुषी आवाजाचे मूळ स्वर बोलताना साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झमध्ये असतात, गाताना त्याहून वरही जातात; म्हणजे तुमचा फिल्टर खालच्या स्वरांचा पायाच कापतोय. गढूळपणा बहुधा २०० ते ४०० हर्ट्‌झमध्ये असतो. तिथे बेल फिल्टरने (फक्त ठरावीक पट्टा वर-खाली करणाऱ्या) २-३ डेसिबल कमी करा. हाय-पास ७०-८० वर आणा, उतार १२ ठेवा. सगळी वाद्यं वाजत असताना फिल्टर हळूहळू वर सरकवा, आवाज बारीक व्हायला लागला की थोडा मागे या. सोलोवर, म्हणजे हा ट्रॅक एकटाच ऐकून, ठरवू नका, तिथे कान हमखास फसतो.

दुसरी चूक जास्त घातक. साधा फिल्टर पातळीसोबत फेजही, म्हणजे लहरीच्या चढ-उताराची वेळही, फिरवतो. २४ डेसिबलच्या बटरवर्थ (फिल्टरचा एक नेहमीचा प्रकार) फिल्टरमध्ये कटऑफला, म्हणजे जिथे फिल्टर लावला त्या वारंवारतेला, फेज १८० अंश फिरलेली असते, म्हणजे लहर उलटी झालेली असते आणि पातळी फक्त ३ डेसिबलने घटलेली असते. अशात बिनफिल्टरची प्रत मिसळली की १५० हर्ट्‌झच्या आसपास दोन्ही एकमेकींना खोडतात. म्हणून प्रत वेगळी काढण्याआधीच, मूळ ट्रॅकच्या पहिल्या स्लॉटमध्ये एकच फिल्टर लावा. लिनियर-फेज (फेज न बिघडवणाऱ्या) फिल्टरनेही हे टळतं, पण तीव्र उताराला ठोक्याआधी अस्पष्ट घुमणं ऐकू येऊ शकतं. तालवाद्यांवर तो जपूनच वापरावा.