चंद्रतालला निघण्यापूर्वी
मित्रासोबत पाठीवर सामान घेऊन हिमाचल प्रदेशातील चंद्रताल सरोवराला जाण्याचा आपला बेत उत्तम आहे. परंतु मे महिन्यातले 45 अंश सोसणाऱ्या आपल्या वऱ्हाडी शरीराला विरळ हवेची सवय नसते. आपले चिखलदरा जेमतेम 1,100 मीटर उंच, तर हे सरोवर सुमारे 4,300 मीटरवर आहे. म्हणून 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये. डोके दुखून मळमळू लागल्यास पुढे चढू नये आणि चालताना तोल जाऊ लागल्यास, सोबती ‘थोडंच राहिलं’ म्हणाला तरी, त्वरित खाली उतरावे. नवे बूट घालून थेट निघू नये. मी ती चूक केली आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. त्याऐवजी भरलेली पाठपिशवी घेऊन महिनाभर शेताच्या धुऱ्याने चालावे. लोक हसतात, हसू द्यावे.