स्किन, सर्जरी की पॅथॉलॉजी?

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या धाकट्या भावाच्या भुवईजवळ खड्यासारखी टणक गाठ आली होती. सगळे चरबीची गाठ म्हणत होते; काढल्यावर रिपोर्टमध्ये ‘पायलोमॅट्रिकोमा’, म्हणजे केसाच्या मुळातून येणारी गाठ, असं आलं. आता तिला अशाच दुर्मीळ गाठींची डॉक्टर व्हायचंय. तिने काय घ्यावं? एवढ्याशा विषयावर पोट भरेल का? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, पोटाचं आधी. नुसत्या केसाच्या मुळाच्या गाठींवर कुणाचं भागत नाही, मुंबईतसुद्धा नाही. त्या रोजच्या कामात अधूनमधून येतात. ते रोजचं काम कोणतं आवडेल, हे तिने आधी बघावं.

या गाठी नुसत्या चाचपून क्वचितच पक्क्या ओळखता येतात. तुमच्या मुलाला झाली तीच गाठ मालेर्ब आणि शेनांते यांनी १८८० मध्ये नोंदवली, तीही त्वचेतल्या तेलग्रंथीची समजून. ती केसाच्या मुळातून येते हे सांगणारं नाव मिळायला १९६१ उजाडलं. तेव्हा घरच्यांना चरबीची वाटली यात नवल ते काय! स्लाइडवर मात्र केंद्रक पुसलं जाऊन नुसती बाह्यरेषा उरलेल्या ‘घोस्ट सेल’ दिसतात आणि पॅथॉलॉजिस्टला उलगडा होतो. ट्रायकोएपिथेलिओमा, म्हणजे केसाच्या मुळाचीच दुसरी एक गाठ, जास्त फसवा. त्याचा एक प्रकार बेसल सेल कार्सिनोमा या कॅन्सरसारखा दिसतो. बायोप्सीचा तुकडा वरवरचा घेतला असेल तर भल्याभल्यांची पंचाईत होते. आणि चेहऱ्यावर किती कापायचं, हे त्या निदानावरच ठरतं.

म्हणून माझा कौल पॅथॉलॉजीला. एमडीची ३ वर्षं, पुढे डर्मॅटोपॅथॉलॉजीची, म्हणजे त्वचेचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून निदान करण्याची, फेलोशिप. स्किनमधूनही तिथे पोचता येतं, पण नीट-पीजीत स्किनच्या जागांवर उड्या पडतात आणि पुढे बरेचजण लेझर-कॉस्मेटिककडे वळतात. त्यात वाईट काही नाही, फक्त तिला हवंय ते हे नव्हे. हातात ब्लेड हवंच असेल, तर लहान गाठी स्किनचे डॉक्टरही काढतात. चेहऱ्यावरची मोठी ऑपरेशनं करायची तर जनरल सर्जरीत एमएसची ३ वर्षं, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन प्लास्टिक सर्जरीत एमसीएचची आणखी ३. परीक्षांच्या तयारीत जाणारा काळ आणि सरकारी सेवेचा बॉन्ड वेगळे. एवढं थांबायची घरची तयारी आहे का, ते मायलेकींनी मोकळेपणी बोलून घ्या.

दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी विषय तिला आहेच. भावाच्या स्लाइड हॉस्पिटलकडून मागून घ्या आणि विभागातल्या सरांकडे किंवा मॅडमकडे घेऊन जायला सांगा. मायक्रोस्कोपपाशी तासाभरात कंटाळली, तर मला पुन्हा लिहा. मग सर्जरीचं बघू.